थाळ्यावरचा आडवा हात

मी काशाचा थाळा बोलतोय. जरा रागातच बोलतोय, तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या. भांड्यांनी निमूट राहावं, वाढलं की धरावं आणि घासलं की चमकावं, एवढीच लोकांची अपेक्षा असते. तेवढं मी जन्मभर केलं. पण ज्या माणसापुढे मी मांडला गेलो, त्याने मला वर्षानुवर्षं भाजीचं एक पानसुद्धा लागू दिलं नाही, आणि घरादाराने त्याचं कौतुक केलं! त्या कौतुकाने काय केलं ते मी पाहिलंय, म्हणून बोलतोय.

माझा जन्म बार्शीकडचा. तांबं आणि कथील वितळवून एका कारागिराने मला ओतलं, पुन्हा पुन्हा तापवून ठोकलं आणि काठ उभे केले. टिचकी मारली की मी कितीतरी वेळ घुमत राहायचो. वैरागच्या रुद्रप्पांनी तो आवाज ऐकूनच मला पसंत केलं. त्यांच्या सोलापूरच्या भाच्याचं उष्टावण होतं. मामा म्हणून पहिला घास त्यांनी भरवायचा, तर भांडंही त्यांचंच हवं. माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'चि. विरुपाक्ष' असं नाव घालून ते मला नव्या धोतरात गुंडाळून मोटारीने घेऊन आले. खिरीचा पहिला घास माझ्यातलाच. पोरगं खीर चाटून हसलं. मला वाटलं, चला, चांगल्या घरी पडलो.

घर चांगलंच होतं. मंगळवार पेठेच्या मागच्या अंगाला, माणसं शिवाची भक्त. जेवताना ताट अडणीवर, म्हणजे तीन पायांच्या तिवईवर ठेवायचं. दोन्ही हात जोडून, डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं, मग घास. आणि एक नियम फार कडक: ताटात पडलं की तो प्रसाद झाला. शितसुद्धा टाकायचं नाही. शेवटी पाणी घालून ताट बोटांनी विसळायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. अन्नाचा एवढा मान राखणारं घर कोणत्या भांड्याला आवडणार नाही?

पण बघा, त्याच नियमाची यांनी काय गत केली. विरुपाक्ष लहान असताना त्याच्या आईने, काशम्माने, मला मेथीची भाजी वाढायला घेतली. चमच्यातलं एक पान पोराने तोंडात घातलं आणि गालात धरून बसला. गिळेना, थुंकायची सोय नाही. रडून रडून लाल झाला. काशम्माचं काळीज पाघळलं. तिने हिशेब असा केला की वाढलंच नाही तर टाकायचा प्रश्नच नाही. पापही नाही आणि रडारडही नाही! तेव्हापासून भाजीची पळी जवळ आली की हा माझ्यावर हाताचा पंजा आडवा धरायचा आणि शेजारी ऐकलेल्या कानडीत म्हणायचा, "बेडा!" म्हणजे नको. पळी तिथूनच मागे फिरायची.

मग माझ्या वाट्याला काय? भाकरी, शेंगाची चटणी, दही, वरणाचं वरचं पाणी, सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. शेजारच्या ताटात चाकवत, अंबाडी, कोवळी कांदापात, मुळ्याच्या चकत्या, आणि मी आपला वाळवंटासारखा. चटणीला मी नावं ठेवत नाही. सोलापुरात राहून कोण ठेवेल? पण रोज दोन्ही वेळा तीच? पाहुणे आले की काशम्मा कौतुकाने सांगायची, "आमच्या विरूला भाजी चालत न्हाय. लई नाजूक हाय माझं लेकरू." हे नाजूक लेकरू तेव्हा मिशा फुटून भुसार दुकानात ज्वारीची पोती पाठीवर घ्यायचं!

त्याचं लग्न झालं. सून आली अक्कलकोटकडची, सुंदरम्मा. तिच्या हाताला अशी चव होती की फोडणीच्या वासानेच माझ्या काठाला कंप सुटायचा. तिने पहिल्या दिवशी भरली वांगी केली, वर तेलाचा तवंग, आत तीळ-दाण्याचं वाटण. मोठ्या उमेदीने ती माझ्याजवळ वाकली, आणि आला तो पंजा! "बेडा." ती क्षणभर तशीच वाकलेली राहिली. काशम्मा मागून म्हणाली, "त्याला वाढू नगं गं. ताटात पडलं तर प्रसाद टाकायचं पाप तुला लागंल." घ्या! खाणार नाही तो, आणि पाप हिला.

सुंदरम्माने नंतर पुष्कळ दिवस आशा सोडली नाही. मेथी बारीक चिरून भाकरीत मळली, तर याने भाकरी ताटात पडायच्या आधीच हिरवे ठिपके ओळखले आणि पंजा आडवा धरला. शेवटी ती गप्प झाली. दारावर येणाऱ्या गोजाबाईच्या पाटीतून रोज भाजी निवडून घ्यायची, करायची, आणि सगळ्यांचं झाल्यावर एकटी कोपऱ्यात बसून खायची. मला फार वाईट वाटायचं. एवढी राबणारी बाई, आणि नवऱ्याच्या लेखी तिची अर्धी चूल विझलेली.

मग नीलम्मा झाली. सावळी, टपोऱ्या डोळ्यांची, बापावर जीव टाकणारी. तिला स्टीलची नवी थाळी आणली. त्या थाळीचं अंग पातळ आणि आवाज पत्र्याचा, पण असो. बापाशेजारी मांडी घालून बसायची. बापाने चटणीत दही कालवलं की हीही कालवायची, बापाने ढेकर दिली की हीही खोटी ढेकर द्यायची. आणि एक दिवस सुंदरम्मा पालक वाढायला वाकली तर दोन पंजे एकदम आडवे झाले. एक माझ्यावर केसाळ, आणि शेजारी इवलासा. "बेडा!"

घर हसलं. अहो, पोट धरून हसलं! काशम्मा म्हणाली, "अगदी बापावर गेली की!" विरुपाक्ष तर असा फुलला, जसं काही पोरीने शाळेत बक्षीसच मिळवलं. शेजारणींना बोलावून तिला परत परत ते करून दाखवायला लावलं. सुंदरम्मा तेवढी हसली नाही. मीही नाही. मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं, पण मला वाजवल्याशिवाय आवाज कुठून येणार?

दुधावर साय दिसली की पोरीला ओकारी यायची, म्हणून दूध बंद. भाजी तर बंदच. मधे पडलेला दुष्काळ सरून गेला होता, मंडई पुन्हा हिरवीगार झाली होती, घरात काही कमी नव्हतं. आणि अशा भरल्या घरात पोरगी भाकरी-चटणीवर वाढत होती. उन्हाळ्यात तिला गोवर आला. गोवर उतरला, पण ती उतरलेलीच राहिली. डोळे सारखे चोळायची.

एका संध्याकाळी पानं मांडली होती. देवाजवळ दिवा होता, चुलीजवळ कंदील होता. नीलम्मा भिंत चाचपत आली, माझ्या अडणीला अडखळली आणि मला घेऊन खाली पडली. मी खणखणत कोपऱ्यात गेलो. ती उठून बसली आणि आईला म्हणाली, "अव्वा, दिवा लाव की. कवाधरनं अंधारात बसलाव."

सुंदरम्माने कंदील उचलून तिच्या तोंडासमोर धरला. पोरगी भलतीकडेच बघत होती.

विरुपाक्ष अनवाणीच धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी बॅटरीचा उजेड पाडून डोळे पाहिले, पापण्या उलटून पाहिल्या.

"हिला रातांधळं आलंय. डोळे पार कोरडे पडलेत, आणि डाव्या बुबुळाला जखम आहे. जेवणात काय खाते?"

"भाकरी, भात, चटणी," काशम्मा म्हणाली, आणि सवयीने पुढे बोलून गेली, "भाजीला शिवत न्हाय. बापावर गेलीया."

"आजी, ही कौतुकाची गोष्ट नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध देतो, थेंब देतो. त्याने आत्ता आराम पडेल. पण पालेभाजी, गाजर, पपई पोटात गेली नाही तर पुन्हा हेच होईल. आणि तेव्हा नुसतं संध्याकाळचंच दिसेनासं होईल असं नाही."

दुसऱ्या दिवशी विरुपाक्षने मंडई घरी आणली म्हणा ना. मेथी, पालक, चाकवत, गाजरं, तांबडा भोपळा. सुंदरम्माने मन लावून रांधलं. पोरीच्या थाळीवर पंजा आडवा. समजावलं, गूळ दाखवला, गोष्टी सांगितल्या. पंजा हलेना. विरुपाक्षचा आवाज चढला.

"खा म्हणतो न्हवं!"

"अप्पा, तुमी खावा आदी."

"मी मोठा हाय. मला चालत न्हाय."

"मला बी चालत न्हाय."

असं रोज चाललं. औषध पाजलं जायचं, जेवण तसंच राहायचं. आणि हा गृहस्थ पोरीला भाजीचं महत्त्व सांगताना स्वतः काय करत होता? माझ्यावर पंजा धरून बसला होता! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पोरीचा डोळा जायची वेळ आली तरी याला हाताचा पंजा उचलवेना.

आणि मग सुंदरम्माने ते केलं. दुपारची वेळ. विरुपाक्षने नेहमीसारखे दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. दिवसातली ती एकच घटका, जेव्हा माझ्यावर पहारा नसायचा. सुंदरम्मा मुकाट्याने पुढे आली आणि तिने पळीभर मेथीची भाजी माझ्यात वाढली. गरम, लसणीची, वर भरडलेले दाणे. माझ्या अंगाला लागलेली ती पहिली भाजी. मला रडू येण्यासारखं झालं होतं, काय सांगू!

त्याने डोळे उघडले.

"कुणी वाढलं हे?"

"मी."

"काढ."

"प्रसाद हाय. कसा काढू ते तुमीच सांगा."

काशम्मा चटकन सरकली. "आण हिकडं, मी खाते. त्याला त्रास नगं." तिने माझा काठ धरला. सुंदरम्माने दुसरा काठ धरला. लग्न होऊन आल्यापासून ती सासूपुढे एवढं बोलली नव्हती, ते त्या दिवशी बोलली.

"अत्ती, तुमी खाल्ल्यानं पोरीला दिसणार हाय का?"

काशम्माच्या हातातून माझा काठ सुटला. म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसून राहिली.

नीलम्मा बापाकडे बघत होती. दिवसा तिला दिसत होतं. विरुपाक्षने भाकरीचा तुकडा मोडला, मेथी उचलली आणि तोंडात घातली. चावताना त्याचं तोंड कसंनुसं झालं. उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं, तांब्यातलं पाणी पिऊन त्याने तो घास खाली ढकलला. मग दुसरा. मग चटणीला लावून तिसरा. सगळी संपवली. पाणी घालून मला विसळलं आणि तेही प्यायला.

"अप्पा, कडू हाय?" पोरीने विचारलं.

"हाय. लई कडू हाय."

"मग का खाल्लासा?"

त्याने मला परत अडणीवर ठेवलं आणि म्हणाला, "तू बी खाशील म्हणून."

पोरीने पंजा उचलला. "जराशीच हं, अव्वा," ती म्हणाली.

काही एका दिवसात झालं नाही. आधी चिमूटभर मेथी चटणीत लपून, मग दह्यातली गाजराची कोशिंबीर, ती कुरकुरते म्हणून दोघांनाही बरी वाटली, मग डाळीत विरघळलेला पालक. शेपूवरून अजून भांडणं होतात. पण त्या दिवसापासून भाजीशिवाय माझ्यावर जेवण झालं नाही. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी नीलम्मा देवाजवळचा दिवा बघून म्हणाली की वात वाकडी झालीय. सुंदरम्माने ती वात तिलाच सरळ करायला लावली.

पण डाव्या बुबुळावर पांढरा ठिपका राहिला. "थोडं आधी कळायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. त्या डोळ्याने पोरीला सगळं धुक्यातलं दिसतं आणि आता तसंच दिसणार. शाळेत पोरं चिडवतात. म्हणून माझा राग जात नाही. सगळे हसत होते तेव्हा एकानेही हसणं थांबवलं नाही, आणि त्याची भरपाई तिने केली.

आता माझ्या काठाला चीर गेलीय. टिचकी मारली तर बद्द आवाज येतो. स्टीलची चळत फळीवर वाढत चाललीय, आज ना उद्या मी मोडीत जाईन. त्याचं दुःख नाही. पण जाण्याआधी संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतली गोष्ट सांगतो. मला तुमच्याकडे जे मागायचंय ते तिच्यात आहे.

जत्रेला वैरागहून रुद्रप्पांचा मुलगा शिवयोगी आला होता, आपल्या लेकाला घेऊन. पंगत बसली. त्या दिवशी कारलं होतं, विरुपाक्षला सगळ्यांत नकोसं. सुंदरम्मा पाहुण्यांच्या पोराला वाढायला वाकली तर पोराने ताटावर हात आडवा धरला. शिवयोगी मोठ्याने हसला. "आमचा वाघ बी तुज्यासारखाच, विरुपाक्ष! भाजीला शिवत न्हाय. मी तरी कुटं खातो म्हणा!"

पंगतीतले दोघे-चौघे हसले. विरुपाक्ष हसला नाही. समोर नीलम्मा मान तिरकी करून, चांगल्या डोळ्याने बघत जेवत होती. त्याने माझ्यातलं उरलेलं कारलं भाकरीत घेतलं, न थांबता चावून गिळलं. मग त्याने पळी हातात घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"सुंदरा," तो म्हणाला, "पोराला नंतर. आदी त्याच्या बापाला वाढ."