वास

"पांढऱ्या रेषेवरून चाल. टाचेला चवडा लावत. कळलं?"

गास्पारला कळलं होतं. ही परीक्षा त्यानं आधीही दिली होती, आणि तेव्हा तो नापास व्हायच्याच लायकीचा होता. आज मात्र पोटात दारूचा थेंब नव्हता. उपासाच्या दिवसांत त्यानं चर्चमध्ये मेरीमातेसमोर शपथ घेतली होती, नाताळपर्यंत शिवणार नाही म्हणून. ऑगस्ट आला तरी ती मोडली नव्हती.

"गाडी इतकी रेंगाळत का चालवत होतास?" पोलिसानं विचारलं. पोरगेलासाच होता, मानेवर उन्हानं लाल झालेला.

"दुधात भिजवलेला केक आहे, साहेब. नातवाचा बाप्तिस्मा आहे आज. सांडू नये म्हणून."

"केक! हे नवीन ऐकलं. चाल."

आणि तिथंच घोटाळा झाला. पाय उचलेचनात. गणवेश, कमरेचं पिस्तूल आणि 'चाल' हा हुकूम. तो नऊ वर्षांचा असताना ग्वातेमालातल्या त्याच्या डोंगरगावात सैनिकांनी सगळ्या पुरुषांना चर्चपुढं उभं केलं होतं. त्याच्या बापालाही असंच म्हणाले होते, चाल. बाप चालत मक्याच्या शेतात गेला आणि परत आला नाही. आता अमेरिकेतल्या जॉर्जियात येऊन, कोंबड्यांच्या कारखान्यात हाडं झिजवून निम्मं आयुष्य सरलं होतं, तरी गणवेश दिसला की त्याचे गुडघे त्या दिवशीचेच व्हायचे.

दुसऱ्याच पावलाला तो रस्त्याकडेच्या चिखलात पडला.

पोलिसानं श्वासातली दारू मोजायचं यंत्र पुढं केलं. गास्पारनं फुंकर मारली. यंत्रात शून्य आलं. पोलिसानं ते हातावर आपटून पाहिलं. "बिघडलंय," म्हणाला, आणि दुसरं मागवलं. ते येईपर्यंत गास्पार उन्हात उभा. बंद गाडीत केक. दुसऱ्या यंत्रातही शून्य.

"मग थरथरतोयस कशानं? पावडर ओढलीस?"

"नाही, साहेब."

"तुम्हा लोकांचं काही खरं नसतं," असं म्हणत शेवटी पोलिसानं त्याला सोडलं.

चर्चच्या आवारात तो पोचला तेव्हा बाप्तिस्मा उरकला होता. झाडाखाली टेबलं मांडली होती, मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या तामालेंच्या पातेल्यांतून वाफा निघत होत्या. त्याच्या हातातल्या केकच्या खोक्यातून दूध ठिबकत होतं. त्याच्या गुडघ्यांना चिखल, सदरा घामानं चिकटलेला.

"आलं, आलं! आमचं पिंप गडगडत आलं!" मेहुणा दिएगो ओरडला आणि चार माणसं हसली.

एल्विरा, त्याची मुलगी, बाळाला कडेवर घेऊन पुढं आली. तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"बाबा, आजसुद्धा प्यायलात?"

"पोलिसानं अडवलं होतं गं. आईशपथ, एक थेंब नाही."

"पोलीस काय उगाच अडवतात?"

"तू तरी असं म्हणू नकोस, पोरी."

"मग पडलात कसे?"

यावर त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते त्यानं आजवर बाटलीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. पाहुण्यांसमोर, तामालेंच्या वाफेत, कुठून सुरुवात करायची?

त्याची बायको हासिंता लगबगीनं आली. "तोंड उघड," म्हणाली. सगळ्यांदेखत त्यानं तोंड उघडलं. तिनं नाक जवळ नेलं, नीट हुंगलं आणि मुलीकडं वळली.

"नाहीये गं वास."

"व्होडकाला नसतोच, आई."

 केकचं खोकं गास्पारनं टेबलावर ठेवलं. दिएगोच्या पायाशी बर्फाची पेटी होती. तीतून बिअरची बाटली काढली, टेबलाच्या कडेवर बूच उडवलं आणि उभ्या उभ्या घटाघटा रिकामी केली. आवारात कुणी हसलं नाही.

"आता हुंग," तो हासिंताला म्हणाला. "आता येतोय का बघ."

दुसरी बाटली घेऊन तो गाडीच्या पायरीवर जाऊन बसला.

हासिंता त्याच डोंगरातली. तिच्या घरूनही सैनिकांनी माणसं अशीच नेली होती. तिनं एल्विराला पातेल्यांमागं ओढलं आणि बराच वेळ दबक्या आवाजात बोलत राहिली. मग उन्हानं बसलेला केक तिनं चमच्यानं वाट्यांत काढला आणि मुकाट्यानं वाढू लागली.

एल्विरा गाडीपाशी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. गास्पारच्या हातात तिसरी बाटली होती.

"बाबा, मला कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं त्यात."

"चला ना. फोटो काढायचाय सगळ्यांचा. बाळाला घ्या तुम्ही."

त्यानं बाळाच्या पांढऱ्याशुभ्र झबल्याकडं पाहिलं. हात थोडा पुढं गेला आणि मागं आला.

"नको. तोंडाला वास येतोय माझ्या. दे तो फोन इकडं, मीच काढतो."

सगळे झाडाखाली उभे राहिले. एल्विरानं शेजारी जागा रिकामी ठेवली होती. दिएगोनं सरकून ती भरली. गास्पारनं फोन डोळ्यांसमोर धरला. सकाळपासून प्रथमच त्याचे हात जराही हलत नव्हते.