आपली मोरी

"ऊठ! ऊठ म्हणते ना! लाज नाही वाटत तुले?"

सिंधूताई नाकाला पदर लावून मोरीच्या तोंडाशी उभी होती. कामठीहून बसने आली होती, हातातली पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. आत तिचा धाकटा भाऊ रुपराव, वीज मंडळातला कारकून, लुंगी वर खोचून उकिडवा बसला होता आणि जाळीत अडकलेला गाळ बोटांनी उपसत होता. भाताची आंबलेली शितं, केसांचा गुंता, साबणाचा चिकटा.

"तुंबली होती, ताई," तो म्हणाला.

"अन् तुयी बायको?"

"ड्युटीवर गेली."

म्हणजे बायको पांढरी साडी नेसून दवाखान्यात नर्सबाई, आणि नवरा घरी मोरीत. समोरच्या ओट्यावर कांताबाई तांदूळ निवडता निवडता हे सगळं बघत होती, हसू दाबत होती. सिंधूताईला तिचीही किळस आली.

सिंधूताईचा बाप गावात मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतला आणि ढोरं ओढायचा दोर त्याने चुलीत घातला. पोरांना म्हणाला, आता घाणीत हात घालायचा नाही. रुपरावने ते ऐकलं, मॅट्रिक झाला, खुर्चीवर बसला. सिंधूताईने मात्र ते फारच मनावर घेतलं. माशी बसली तर ती भरलं ताट सारायची. घरची मोरी तीच घासायची, पण बाईमाणसाने घासली तर ती घाण धरायची नाही, असा तिचा सोयीचा हिशेब होता.

"हात धू अन् पड खाटेवर. मी आहे आता," ती म्हणाली.

रुपराव पडला. सांगितलं ते ऐकणारा माणूस. सिंधूताईने श्वास रोखून मोरी घासली, वर फिनाईल ओतलं. भांडी, धुणं, सारवण, कशालाच त्याला हात लावू दिला नाही. त्याच्या हातातून झाडू काढून घेताना, आपण भावाची अब्रू राखतोय, असं तिला मनापासून वाटलं.

दोन-तीन दिवसांत घर लख्ख झालं. वास मात्र जाईना. शोधत शोधत ती खाटेपाशी आली, तेव्हा कळलं की वास रुपरावचाच होता. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आंघोळ नाही, दाढी नाही, उशाला कालच्या वरणभातावर पापुद्रा धरलेला. ती बोलली तरी त्याने मान वळवली नाही. सिंधूताई घाबरली.

संध्याकाळी त्याची बायको प्रेमलता दोन-तीन दिवसांची सलग ड्युटी संपवून घरी आली. खाटेकडे बघून ती चप्पल न काढताच त्याच्यापाशी गेली.

"ताई, परत तसेच झाले हे."

"तसे म्हणजे कसे वं? झालं तरी काय होतं त्याले?"

"काहीच नाही झालं. एक दिवस हापिसात गेले नाही, बस्स. मंग किती महिने असेच. डॉक्टर म्हणे, मनाचा आजार आहे. लोक म्हणे, नाटकं आहेत." तिने डोळे पुसले. "एक दिवस मोरी तुंबली. मले दोन दिवस वेळच नव्हता. हे पडल्या पडल्या म्हणाले, वास येऊन राहिला. इतक्या महिन्यांत त्याईले पहिल्यांदा काही तरी जाणवलं, ताई. वास का होईना! उठले, घासली. त्या दिवशी पोटभर जेवले. तेव्हापासून घरातलं सारं काम मी त्याईलेच ठेवत होती."

"पण आपल्या बापानं काय सांगतलं होतं..."

"बाबा दुसऱ्याची घाण काढत होते, ताई. ही आपली मोरी आहे."

सिंधूताई चिडली. भावजयीवर, डॉक्टरवर, त्या भिंतीवर. पाय आपटत स्टोव्हपाशी गेली आणि दूध तापत ठेवलं. तिच्या हातून आजवर दूध कधी उतू गेलं नव्हतं. दूध वर आलं, ती बघत राहिली. काठावरून सांडलं, तरी हात मागेच ठेवला. करपट वासाने घर भरून गेलं, तिने पदर नाकाला लावला, तरी पातेलं बुडाशी काळं ठिक्कर पडल्यावरच तिने ते उतरवलं.

नेऊन खाटेपाशी आदळलं.

"रुप्या, दूध जळलं. मायाच्यानं नाही निघत हे."

मग भिंतीकडचं डोकं हललं. नाक आक्रसलं.

"शी! किती जाळलं वं, ताई!"

तिने पातेलं त्याच्याकडे आणखी सरकवलं.

रुपराव उठून बसला. पातेल्यात डोकावला, नखाने खरवड उकरून बघितली. मग धडपडत उभा राहिला आणि राख घेऊन मोरीत जाऊन बसला. दार उघडंच होतं. समोर कांताबाई ओट्यावर आली, पण सिंधूताई दार लावायला उठली नाही. पातेल्याचा खरखर आवाज येत राहिला.

"ताई, पाणी टाक गं जरा."

सिंधूताईने तोंड वाकडं केलं, तांब्या भरला आणि त्याच्या काळ्या हातांवर धार धरली.