चुगलीचा कायदा

म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर इकडेतिकडे न बघता थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरला. भरून ठेवलेल्या डब्यांपाशी उभा राहून अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, घरून डबे विकायला लायसन्स लगता है. आजपासून खलास." दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधला आमचा अख्खा टॉवर माझ्या हातचं जेवायचा. चुगली करणारं त्यात कोण असणार? माझा संशय प्रज्ञावर बसला.

प्रज्ञा आमच्या ओळखीतली मुलगी. आईवडील लांब उम्म अल कुवैनला आणि हिचं लॉ कॉलेज दुबईत, म्हणून आमच्याकडे राहायची. मुकाट जेवायची, सगळीकडे बारीक नजर. माझ्या डब्यांचा फोटोही तिनं एकदा काढला होता, आईला पाठवायला म्हणे! त्यात तिच्या प्रबंधाचा विषय जर्मन कायद्याचं तत्त्वज्ञान, आणि त्यातही एक चुगलीखोर बाई. नाझी काळात तिनं नवऱ्याचं घरातलं सरकारविरोधी बोलणं वर कळवलं, त्याला फाशी सुनावली गेली आणि युद्धानंतर तिच्यावरच खटला भरला. कायद्यानं वागलेली बाई गुन्हेगार कशी, हा वाद.

"एक स्कूल ऑफ थॉट म्हणतं, रीतसर केलाय ना, मग तो कायदा. चांगला की वाईट, दॅट्स सेपरेट," प्रज्ञानं मला समजावलं होतं. "दुसरं म्हणतं, अन्याय असह्य झाला की तो कायदाच नाही. नंतरचे म्हणतात, ज्यांना रूल लागू होणार त्यांनाही बोलू द्या, कारणं विचारू द्या."

एवढं डोकं चालवणारी पोरगी लायसन्सवर गप्प बसेल? मी तिला सरळ सांगितलं, "सामान आवर. माझं खाऊन माझ्यावरच उलटलीस." ती खोलीत जाऊन बॅग भरू लागली.

ती निघण्याआधी आम्ही जेवायला बसलो. माझा नवरा अरुण एरवी क्रिकेटशिवाय कशावर तोंड उघडत नाही. तो एकदम म्हणाला, "प्रज्ञा, त्या जर्मन बाईचं शेवटी काय झालं? सुटली ना?"

"नाही काका. दोषी ठरली."

त्याचा घास हातातच राहिला. "पण कायदा होता ना! तिनं फक्त कळवलं. घाबरली असेल बिचारी. उद्या आपलंच नाव अडकलं, व्हिसा कॅन्सल झाला म्हणजे?"

त्या बाईला कसला आलाय व्हिसा!

"अरुण, तू कळवलंस?"

"फ्लॅट माझ्या नावावर आहे, अर्चना. ऑफिसात एकाचं असंच लफडं झालं..." माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

या देशात डब्यांचं काम तेवढं एकच माझं स्वतःचं होतं. "आधी मला विचारायचंस तरी! मीच बंद केलं असतं. एक शब्द न बोलता परस्पर निकाल लावून मोकळा झालास!"

प्रज्ञानं ताट सिंकमध्ये ठेवलं, हात धुतले आणि बॅग उचलली.

"थांब गं, आता कशाला जातेस?" मी तिचा हात धरला.

तिनं तो हळूच सोडवून घेतला. "मला तरी कुठे विचारलंत, काकू? यू जस्ट डिसायडेड."