एकाच मालकाची, जपून वापरलेली

टायरला लाथ मारू नका. त्यानं काहीही कळत नाही. जुनी गाडी बघायला आलेला प्रत्येक माणूस आधी टायरला लाथ मारतो, मग मान हलवतो आणि 'हं' म्हणतो. त्या 'हं'चा अर्थ त्याला स्वतःलाही ठाऊक नसतो. कलिंगड ठोकून बघावं, तसा तो एक विधी आहे. तेव्हा पाय जमिनीवर ठेवा आणि माझं ऐकून घ्या.

मी एक सेडान गाडी बोलतेय. मध्यम चणीची, चार दारांची, मागे ऐसपैस डिकी असलेली. रंग राखाडी, विकायला काढली की त्यालाच चंदेरी म्हणतात.

कारखान्यातून बाहेर पडताना मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं. सीटवर प्लास्टिक, दारांच्या आतून प्लास्टिक, आरशावर, हॉर्नवर, ऊन अडवायच्या फळीवरही प्लास्टिक. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसंच हे. फरक इतकाच, की बाळाचं दुपटं कधीतरी सोडतात.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांच्या किडक्या दाढा बघून त्यांचं मत असं झालं होतं, की जगातली प्रत्येक वस्तू नासायला टपलेली आहे. त्यांनी प्लास्टिक काढलं नाहीच, उलट त्यावर कापडी कव्हरं चढवली आणि कव्हरांवर टॉवेल अंथरले. कांद्याला नसतील इतके पापुद्रे माझ्या सीटला होते. हॉर्न झिजू नये म्हणून ते खिडकीतून हाताने टाळी वाजवत. बूट काढून, मोजे घालून मला चालवत. त्यांच्या पत्नीला ते रोज सांगत, "अलगद बस." ती बिचारी अर्धी सीटवर आणि अर्धी देवाच्या भरवशावर बसायची. एकदा त्यांच्या भाचीने आत बसून बिस्किट खाल्लं. मुलगी पुढे शिकली, सवरली, नोकरीला लागली, तरी त्या घरात तिची ओळख 'ती बिस्किटवाली' अशीच राहिली.

आकाशात ढग असले की मी बाहेर पडायची नाही. कडक ऊन असलं की रंग उडेल म्हणून नाही. वारा सुटला की धूळ. मग उरलं काय? शेडची भिंत. त्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, बसलेल्या बदकासारखा. माझ्या तारुण्यात मी सर्वांत जास्त सहवास त्या बदकाचा भोगला.

आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "जुनी झाली आता ही. नवीन घेऊ."

मी मनात म्हटलं, जुनी? पण मी नवी झालेच कधी?

नवीन गाडी आली. तिच्यावरही प्लास्टिक होतं. आवारातून बाहेर पडताना आमची नजरानजर झाली. मी तिला एवढंच सांगितलं, बदकाला माझा नमस्कार सांग.

अशी मी जुन्या गाड्यांच्या आवारात येऊन पडले. तिथल्या विक्रेत्याला सगळे साखरतोंडे म्हणत. त्यांनी टॉवेल उचलले, खालची स्वच्छ कव्हरं बघितली आणि खूश झाले. कव्हराखाली काय आहे हे त्यांनी बघितलं नाही. आतलं बघायचं नाही, हे त्यांच्या धंद्याचं तत्त्वच होतं. माझ्या पुढच्या काचेवर त्यांनी पाटी लावली : 'एकाच मालकाची, जपून वापरलेली'. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त 'वापरलेली' जरा जास्त झालं.

माझ्या शेजारी टॅक्सीतून निवृत्त झालेली एक गाडी उभी होती. तिच्या अंगावर इंचभर जागा कोरी नव्हती, आणि प्रत्येक ओरखड्याला एक गोष्ट. हा पोचा अमक्या पुलावरचा. ही सीट फाटली ती एका बाईला इस्पितळात नेताना. मुलगा वाटेतच, गाडीत झाला, रडतच आला. सांगता सांगता ती हसायची, तेव्हा तिचा एक दरवाजा आपोआप उघडायचा. मग मला म्हणाली, "तुझं काय ग?"

"भिंत," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. कुणीतरी मला न्यावं, आणि मळवावं.

मग एका सकाळी ते कुटुंब आलं. पुढे शिंपीदादा, म्हणजे शिवणकामाच्या दुकानाचे मालक, गळ्यात मोजायची टेप तशीच. त्यांच्यामागे त्यांची बायको, दवाखान्यात नर्स असलेली, त्यामुळे घाबरलेल्या माणसांशी कसं बोलावं हे जाणणारी. आणि तिचा हात धरून तिची आई, म्हणजे शिंप्यांच्या सासूबाई. अंगाने भरभक्कम, गुडघ्याने नाजूक आणि जिभेने धारदार.

त्यांच्या बोलण्यातून मला घरातला तंटा कळला. शिंपी चार भावांतले शेवटचे. लहानपणापासून सगळं वरून खाली आलेलं. शर्ट थोरल्याचा, पुस्तकं मधल्याची, बूट तिघांनी घालून झालेले. कापून, आवळून, टाके घालून घेता घेता ते शिवणकाम शिकले आणि पुढे तोच व्यवसाय झाला. गावाला नवे कपडे घातले, पण स्वतः कधी कुठल्या वस्तूचे पहिले मालक झाले नाहीत. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, गाडी घेईन तर नवी. जिच्यात आधी कुणीच बसलेलं नाही अशी.

आदल्या दिवशी ही मंडळी नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये जाऊन आली होती. जमेल त्या पैशात नवी मिळत होती ती चिमुकली. कापडाचे तागे आत ठेवले तर टोक खिडकीतून बाहेर जात होतं आणि सासूबाई ठेवल्या तर त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. तिथे शिंपी सीटच्या कोपऱ्यात वाकून प्लास्टिकखाली हळूच नख घालत होते. विक्रेता खाकरला, तसा त्यांनी हात खिशात घातला. हे बायकोने पाहिलं होतं, असं मला पुढे कळलं. ती त्याबद्दल काही बोलली नव्हती, पण जुनी मोठी गाडी घेऊ म्हणतानाही तिचा आवाज दबका होता, तो त्यामुळेच.

शिंप्यांनी माझी डिकी टेपने मोजली. तागा आडवा बसत होता. पायांची जागा मोजली. गुडघे बसत होते. त्यांचा चेहरा मात्र प्रत्येक मापागणिक उतरत गेला. गाडीत खोट सापडेना, मग नाही म्हणायचं कसं?

तेवढ्यात आवारात आणखी एक गाडी शिरली आणि तिच्यातून थोरले भाऊ उतरले. कडक इस्त्रीचे कपडे, हातात रुमाल. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण थोरल्या भावाला बोलवावं लागत नाही. आल्या आल्या त्यांनी माझ्या टायरला लाथ मारली आणि 'हं' म्हणाले.

"धाकट्या, बाहेर कशाला शोधतोस? माझी घे ना. मी नवीन घेतोय. घरातली वस्तू घरातच राहील."

शिंपी टेपचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. त्यांचे शर्ट, बूट आणि पुस्तकं एकदम समोर येऊन उभी राहिली असावीत.

बायकोने विषय बदलला. "आई, तू मागे बसून तर बघ."

सासूबाईंनी आधी पाठ आत घातली, मग देवाचं नाव घेतलं आणि स्वतःला सोडून दिलं.

आता इथे मला थोडं लाजत सांगावं लागेल. माझ्या मागच्या सीटवर प्लास्टिक, त्यावर कव्हर आणि मधे कोंडलेली हवा. डॉक्टरांकडे कुणी कधी पूर्ण वजनाने बसलंच नव्हतं. ती इतक्या वर्षांची हवा एका दमात बाहेर पडली. आवाज लांबलचक होता, शेवटी जरा प्रश्नार्थक.

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

थोरले भाऊ आकाशाकडे बघायला लागले. साखरतोंडे म्हणाले, आज हवा छान आहे. शिंप्यांनी टेप गुंडाळायला घेतली. सासूबाई सावरून बसायला हलल्या, तसा पुन्हा एक आवाज आला, छोटा, दुजोरा दिल्यासारखा.

"मी नव्हे," सासूबाई म्हणाल्या.

"असू दे आई, वय झालं की होतं," मुलगी म्हणाली.

"काय होतं? काही होत नाही. गाडीचा आवाज आहे हा."

थोरले भाऊ अदबीने म्हणाले, की शॉकअप गेले असतील, जुन्या गाडीत असतंच असं. साखरतोंडे म्हणाले, शॉकअप ठणठणीत आहेत. म्हणजे पुन्हा संशय सासूबाईंवरच. त्या उतरल्या. त्यांनी जावयाला बसायला लावलं. आवाज. लेकीला बसवलं. आवाज. थोरल्यांना खांदा धरून आत ढकललं. त्यांना तर चांगला दणदणीत आला, आणि त्यांचे कान लाल झाले.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "आता सगळं घराणंच तसलं म्हणायचं, नाहीतर हे कव्हर काढायचं."

साखरतोंडे मधे पडले. कव्हराची नाडी तुटेल, ग्राहकांनी हात लावू नये वगैरे. पण अब्रूचा प्रश्न होता. सासूबाईंनी नाडी धरली आणि एकाच हिसक्यात कव्हर ओढलं.

खाली प्लास्टिक. कारखान्यातलं, कडेला चिकटपट्टीसकट, एकही सुरकुती नसलेलं. त्याच्याखाली माझी खरी सीट. मीही तिला पहिल्यांदाच उजेडात पाहत होते. छान फिकट तपकिरी निघाली. मला उगाच वाटायचं, काळी असेल.

शिंप्यांनी पुढच्या सीटचं कव्हर उचललं. प्लास्टिक. दाराच्या आतल्या पट्टीवर नख फिरवलं. प्लास्टिक. ते वाकून प्रत्येक कोपरा बघत होते.

थोरल्या भावांनी सवयीने हात पुढे केला आणि एक कोपरा चिमटीत धरला.

"भाऊजी," बायको म्हणाली, "हात मागे घ्या. ते यांनी काढायचंय."

थोरल्यांनी हात मागे घेतला. शिंप्यांनी तिच्याकडे पाहिलं. शोरूममधलं ते नख तिने पाहिलं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"घेतो आम्ही ही," ते साखरतोंड्यांना म्हणाले.

कागदपत्रं झाल्यावर सगळे बाहेर उभे राहिले आणि शिंपी एकटे आत शिरले. त्यांनी प्लास्टिक ओढलं. काय तो आवाज. चर्रर्रर्र करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला गुदगुल्या झाल्या म्हणून माझे वायपर हलले असं मी म्हटलं असतं. खरं तर त्यांचं कोपर लागलं. सीट झाली, दारं झाली, आरसा झाला. हॉर्नवरचं निघालं तेव्हा तो इतका मोठ्याने वाजला, की शेजारच्या टॅक्सीबाईंचा दरवाजा उघडला.

बाहेर थोरले भाऊ रुमालाची घडी करत उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "धाकट्या, तुला वाटतं मला सगळं नवं मिळालं. मिळालं खरं. पण मळवायला कधी नाही मिळालं. शर्टावर थेंब पडला तरी आई म्हणायची, जपून, धाकट्याला जायचाय. झाडावर चढलो नाही मी कधी. अजून नाही."

शिंपी आतून बघत राहिले. भावाच्या त्या कडक इस्त्रीकडे ते बहुधा पहिल्यांदाच नीट बघत होते. मग त्यांनी शेजारच्या सीटसमोरची ऊन अडवायची फळी खाली केली. तिच्यावरचं प्लास्टिक अजून शिल्लक होतं.

"दादा, हे तू काढ."

थोरले पुढे आले आणि दारातच अडखळले. आवारात पाणी मारलं होतं, बूट चिखलाने भरले होते. ते खाली वाकून नाडी सोडायला लागले.

"राहू दे," शिंपी म्हणाले. "बुटांसकट ये."

आणि माझ्या कोऱ्या करकरीत गालिच्यावर चिखलाचा पहिला पाय उमटला. तो डाग अजून आहे. त्याचा आकार बदकासारखा नाही, कशासारखाच नाही, आणि मला तो अतिशय आवडतो.

आता माझं बरं चाललंय. डिकीत ताग्यांचे धागे आहेत, सीटवर खडूच्या रेघा आहेत. सासूबाई मागे बसून बिस्किटं खातात आणि चुरा हाताने झटकून माझ्याच अंगावर टाकतात. थोरले भाऊ सुट्टीच्या दिवशी मला मागून नेतात आणि मुद्दाम कच्च्या रस्त्याने चालवतात. त्यांचा इस्त्रीचा खर्च कमी झालाय म्हणे.

मला आज जो भेटेल त्याला हेच सांगावंसं वाटतं. घरी जा आणि नीट बघा. तुमच्या रिमोटवर पिशवी असेल. सोफ्यावर चादर असेल, चादरीवर आणखी एक चादर असेल. कपाटात पाहुण्यांसाठी कपबशा असतील, आणि ते पाहुणे तुमच्या आजीच्या काळापासून यायचे आहेत. अहो, ते पाहुणे तुम्हीच. या, बसा, चहा घ्या त्या कपातून. वस्तू ठेवून दिली तरी जुनी होतेच. मी झाले होते, बदकाला विचारा. वापरून जुनी झाली, तर निदान सांगायला काहीतरी उरतं.

आणि कधी गाडी घ्यायला गेलात, नवी असो की जुनी, तर टायरला लाथ न मारता सगळ्या घराला मागच्या सीटवर नीट बसवून बघा. आवाज आलाच, तर आधी सासूबाईंकडे बघू नका.