दाराएवढी जागा

रस्त्यावरचे सगळे आंधळे आहेत असं धरूनच पार्सलवाला मोटारसायकल चालवायचा. कडेला उभ्या मोटारीत ड्रायव्हरच्या जागी डोकं दिसलं, की दाराएवढी जागा सोडूनच तो पुढे जायचा.

"भित्री भागूबाई!" बायकोचा धाकटा भाऊ चारचौघांत खिदळायचा. हा दीडशहाणा स्वतः मोटारीच्या आरशात बघायचा, तो फक्त भांग पाडायला.

आज बाजारात तसंच एक डोकं दिसलं. पार्सलवाल्याने मागे नजर टाकली, वेग कमी केला आणि जागा सोडली. तेवढ्यात खाडकन दार उघडलं. फोन कानाला लावून मेहुणेबुवा उतरले.

"अरे, भावोजी! दिसलाच नाहीत."

"ठाऊक होतं," पार्सलवाला म्हणाला. "म्हणून तर तुझ्या बहिणीला अजून नवरा आहे."