सुताराचं दार
भर दुपारी कुणीतरी घराचं एकुलतं दार फोडायला लागलं, तेव्हा म्हाताऱ्या सुताराने आतून दोन्ही अडसर घातले, जड कपाट दाराला लावलं आणि लेकीला फोन केला. तिने पोलिसांना कळवलं. “गाडी निघालीय,” एवढंच उत्तर मिळालं. ती धापा टाकत पोचली तोवर चोर कंटाळून निघून गेला होता. पोलिसांचा पत्ता नव्हता.

“बाबा, मी आलेय. उघडा.”

“थांब गं, कपाट हलेना. मघाशी कुठून बळ आलं होतं कुणास ठाऊक! छातीत जरा कळ येतेय.”

“ओढू नका, बाबा! खाली बसा!”

“बसतो,” ते म्हणाले. मग आतून काहीच ऐकू आलं नाही.

शेजारी पहार घेऊन आले. बाबांनी केलेलं दार केसभरही हललं नाही.