लेलंडचं पितळ

मर्ल हॉगनने कॉफीचा पेला बाजूला सारला आणि डबा टेबलावर हलक्या हाताने उपडा केला. काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या मेणकापडावर घरंगळत गेल्या. बोटाएवढ्या लांब, सरळ, आणि आरशासारख्या लखलखीत.

"दोन वर्षं शोधतोय मी हे, व्हर्ना."

"आणि ते माझ्या फडताळात पडून होतं. विचारायला तोंड नव्हतं?"

तोंड होतं, धीर नव्हता. तिच्या नवऱ्याला, लेलंडला, जाऊन जेमतेम वर्ष होत होतं. शेवटी तिनेच काल फोन करून बोलावलं आणि तो सकाळी सकाळी गाडी काढून आला.

मर्लची रायफल जुन्या काळच्या गवा मारणाऱ्या शिकाऱ्यांच्या बंदुकीची हुबेहूब नक्कल होती, इटलीत बनलेली. पैसे टाकले की अशी बंदूक मिळते. पण तिच्या मापाचं पितळ, म्हणजे पुन्हा पुन्हा बारूद भरून वापरायच्या या नळ्या, आता कोणी बनवत नाही. मर्लने मोंटानातले सगळे बंदुकांचे बाजार पालथे घातले होते, दुसऱ्या मापाच्या नळ्या कापून, ठोकून पाहिल्या होत्या. निम्म्या तडकल्या, उरलेल्या अडकल्या. त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात त्या मापाचं अस्सल पितळ एकट्या लेलंडकडे होतं आणि तो ते कोणाला हात लावू देत नसे. त्याच्याकडे मूत्रपिंड मागावं, पितळ मागू नये, असं सगळे म्हणायचे.

गेल्या जूनमध्ये, क्लबाच्या मोठ्या सामन्यात, लेलंडची रायफल मागच्या बाजूने फुटली. पितळेचा तुकडा डोळ्यातून आत गेला. तो इस्पितळातून परत आला नाही. जुन्या पद्धतीची काळी बारूद इतका जोर करत नाही, म्हणून क्लबाने ठरवलं की म्हाताऱ्याने चुकून हल्लीची बिनधुराची बारूद भरली असणार. मोडकी रायफल तपासून मान डोलावणाऱ्यांत मर्लही होता. त्यानंतर क्लबात लेलंडचं नाव कोणी काढेनासं झालं. उन्हाळ्याच्या सामन्याला त्याचं नाव द्यायचं घाटत होतं, तेही मागे पडलं.

"मर्ल, एक विचारू? हा माणूस अंड्यावर मीठसुद्धा मोजून टाकायचा. बारूद तर कणाकणाने तोलायचा. तो भलतीच बारूद भरेल?"

"वय झालं की होतं गं एखाद्या दिवशी."

"तूही तेच म्हण." व्हर्नाने केकचा तुकडा त्याच्या बशीत जरा जोरातच ठेवला. "मला पैसे नकोत याचे. फक्त कोणीतरी म्हणा, त्याची चूक नव्हती."

मर्लने सवयीने खिशातली पक्कड काढली. जुनं पितळ घेताना एक नळी बळी द्यायची, ही त्याची पद्धत. नळीचं तोंड नरम हवं आणि बूड कडक. म्हणून तर तोंड तापवून नरम करताना सगळे जण नळ्या पाण्याच्या ताटात उभ्या करतात, बुडाला आच लागू नये म्हणून. बूड नरम पडलं की ते बारुदीचा जोर पेलत नाही.

त्याने बुडाशी पक्कड लावून दाबली. नळी दबली. शिशाची असावी तशी मुकाट चपटी झाली.

दुसरी घेतली. तीही तशीच.

मर्लने पक्कड खाली ठेवली. "व्हर्ना, या कोणी तापवल्या?"

"तापवल्या कुठे? साफ केल्या," ती कौतुकाने म्हणाली. "रोज रात्री तो बारुदीच्या काजळीशी झटापट करत बसायचा, साबण काय, व्हिनेगर काय. मोठ्या सामन्याच्या आधल्या दिवशी तो गावात गेला होता. मी सगळ्या ओव्हनमध्ये घातल्या आणि ओव्हन आपोआप साफ करणारं ते बटण दाबलं. कोंबडीच्या चरबीची राख होते त्यात, काजळीचं काय घेऊन बसलास! मग दुपारभर घासून चकचकीत केल्या. त्याला वाटलं, मी सगळं हातानेच केलं. कपाळाचा मुका घेतलान माझ्या."

 त्या बटणाने ओव्हन किती तापतो ते मर्लला माहीत होतं; त्यात नळ्यांची बुडंही नरम पडली होती. तो नळ्या डब्यात भरू लागला. एक नळी खाली पडली, ती त्याने उचललीच नाही.

"काय झालं? चांगलं नाही का पितळ?"

"नाही," तो कसाबसा म्हणाला. "पितळच खराब होतं, व्हर्ना. लेलंडने बारूद बरोबर भरली होती. त्याची चूक नव्हती."

ती खुर्चीत बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडली, आणि रडता रडताच हसली.

"मी म्हणतच होते. सांगशील ना क्लबात?"

"सांगेन."

"आजच सांग. शनिवार आहे, सगळे मैदानावर असतील." तिने डोळे पुसले. "पण तीन उन्हाळे त्याने हेच पितळ वापरलं, मर्ल. मग बिघडलं कधी?"

"पितळ जुनं झालं की..." मर्लने सुरुवात केली. तो आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे बघायला घाबरला.

व्हर्ना टेबलावरच्या चपट्या नळीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. 

"आधल्या दिवशी," ती म्हणाली.

"तुला माहीत असायचं कारणच नव्हतं. मी सांगतो ना त्यांना, कारखान्यातच दोष होता म्हणून."

"त्यांना पटणार नाही. ते सगळे तुझ्यासारखेच जाणकार आहेत. पहिल्यांदा तेच विचारतील, जे मी विचारलं."

 कॉफी गार झाली होती. मग व्हर्नाने ती चपटी नळी उचलली, मर्लच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"जसं झालं तसं सांग."

"व्हर्ना, अगं..."

"मी येते बरोबर. तुला नाही जमलं, तर मी सांगेन."

मर्ल जागचा हलला नाही. ती उठली आणि खुंटीवरचा कोट काढून घालू लागली.